चांगल्या रस्त्यावर मोडणारा ट्रक

सातव्या वळणावर ट्रक उडी मारतो, असं मला कामाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी हसले होते. साहित्यात पदवी घेतलेली मुलगी मी. मला ती उपमा वाटली.

ती उपमा नव्हती. शुक्रवारी सकाळी मी त्या ट्रकमध्ये होते. मी अजून भानावर आलेले नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

मी पाणीपुरवठा कचेरीच्या भांडारात नोंदी लिहिते. आमचं आवार टेकडीच्या पायथ्याशी. माथ्यावर टाकी आणि पंपघर. मध्ये अकरा वळणं. पाइप, औषधाची पिंपं, पंपाचे सुटे भाग, माणसं, सगळं एकाच जुन्या हिरव्या ट्रकने वर जातं. आणि हा ट्रक चालवते कंपासताई.

ताईचं वय सेहेचाळीस. बांधा बारीक, मनगटं जाड. खिशात कायम खडू आणि सुतळी. कुठे काही अडलं की ती फरशीवर उकिडवी बसते, सुतळीचं एक टोक अंगठ्याने दाबते आणि दुसऱ्या टोकाच्या खडूने वर्तुळ काढते. नववीत शाळा सुटली. भूमितीत तिला पैकीच्या पैकी होते. हे ती स्वतः सांगत नाही, तिची वहिनी सांगते. कंपास हे नाव आवारानेच पाडलं. आधी चिडवायला, मग लाडाने.

तिला ट्रक शिकवला तिच्या थोरल्या भावाने. त्यांना सगळे दादाच म्हणतात. बावीस वर्षं हा ट्रक दादांनी चालवला. रविवारी रिकाम्या गाडीत बहिणीला शेजारी बसवायचे. तिला क्लच आणि ब्रेक यांतला फरक कळत नव्हता, तेव्हापासून. दादा शिकवताना एकच गोष्ट सांगत. गाडीशी भांडायचं नाही.

आणि हेच दादा गेल्या सहा महिन्यांपासून फाटकावर बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पास बघतात. ट्रक फाटकातून जाताना ते पाठ फिरवतात. मी हे रोज खिडकीतून बघत होते.

झालं असं की, दोन वर्षांपूर्वी टेकडीचा रस्ता काँक्रीटचा झाला. पहिल्या वळणापासून नवव्यापर्यंत. त्याआधी सगळा चिखल. काँक्रीट झाल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. आणि त्यानंतर ट्रक मोडायला लागला. दीड वर्षात तीन वेळा पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या लोखंडी दांड्याचा, म्हणजे शाफ्टचा, जोड तुटला. तिन्ही वेळा सातव्या वळणावर. तिन्ही वेळा गाडी दादांच्या हातात.

दादांच्या फाइलवर शेरा पडला. मी तो वाचला आहे. 'हात जड. वाहन निष्काळजीपणे वळवतो. चालवण्यास अयोग्य.' आधीच्या साहेबांचा शेरा. आता दादांच्या निवृत्तीला एक महिना उरला होता. बावीस वर्षांचा शेवट त्या तीन वाक्यांवर होणार होता.

त्यात एक गंमत होती. आमचा बदली ड्रायव्हर ताईच्या सुट्टीच्या दिवशी ट्रक नेतो. हा माणूस इतका भित्रा की सातव्या वळणावर गाडी चार वेळा मागे-पुढे करतो. ट्रक दुरुस्त करणारा आमचा मिस्त्री म्हणतो, "ह्याला वळायला सांगितलं की हा आधी चारी दिशांना नमस्कार घालतो." पण त्याच्या हातून ट्रक एकदाही मोडला नव्हता. बावीस वर्षांच्या हाताने मोडतो आणि शिकाऊ हाताने नाही. मग शेऱ्यावर कोण शंका घेणार?

गेल्या महिन्यात चौथ्यांदा जोड तुटला. ह्या वेळी स्टेअरिंगवर ताई होती.

नव्या साहेबांनी तिला बोलावलं. मी टेबलाशी वही घेऊन उभी होते.

"साहेब, दोष रस्त्याचा आहे," ताई म्हणाली.

"रस्त्याचा? चिखल होता तेव्हा गाडी धड होती आणि काँक्रीट झाल्यावर मोडते? नाचता येईना अंगण वाकडं!"

"अंगण वाकडं नाही साहेब. सरळ झालंय. म्हणून मोडते."

साहेब माझ्याकडे वळले. "लिहा. चांगल्या रस्त्यामुळे गाडी मोडते."

मी लिहिलं. वाचताना मलाच लाज वाटली.

"का मोडते?" साहेबांनी विचारलं.

ताईला कळत होतं, पण सांगता येत नव्हतं. स्टेअरिंग जड होतं, गाडी आडून बसते, मग उडी मारते. एवढंच. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मुदत दिली. "शुक्रवारी मी स्वतः गाडीत बसतो. कारण दाखवा. नाहीतर ट्रक भंगारात आणि तुम्ही फाटकावर. भाऊ-बहीण शेजारी शेजारी बसा."

शुक्रवारला आठ दिवस होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ट्रकच्या केबिनमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी एक आखूड दांडा आहे. तो पुढे ढकलला की इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोन चाकांनाही मिळतो. ह्याला सगळे 'फोर लावणं' म्हणतात. चिखलात फोर नसेल तर मागची चाकं जागच्या जागी भिरभिरतात. म्हणून फाटकाबाहेर लाल रंगातली पाटी आहे. 'येथून वर फोर लावूनच जावे.' हा आवाराचा नियम. तो मोडायचं कोणाच्या मनातही येत नाही. फाटक ओलांडलं की हात आपोआप आखूड दांड्याकडे जातो.

मंगळवारी दुपारी आम्ही डबा खात होतो. दोन कामगार खांद्यावर लांब पाइप घेऊन आवारातून चालले होते. भांडाराच्या कोपऱ्यावर वळले. पुढचा ओरडला, "मागून ढकलू नकोस रे!"

"मी कुठे ढकलतोय? तूच रेंगाळतोयस!"

"मी रेंगाळतोय? धावतोय इथे!"

ताईचा घास हातात राहिला. ती उठली. खरकट्या हातानेच.

"परत जा," ती म्हणाली. "परत वळा."

"ताई, पाइप जड आहे."

"म्हणूनच. वळा."

तिने त्यांना पाच वेळा वळवलं. मग बादली आणून दोघांच्या चपला ओल्या केल्या आणि पुन्हा वळवलं. फरशीवर ओली पावलं उमटली. तिने ती मोजली. कोपऱ्यावर पुढच्याची पावलं सोळा, मागच्याची अकरा. मागचा माणूस कोपरा कापून आतून जात होता.

ताईने सुतळी काढली. खडूने दोन कमानी काढल्या. एक मोठी, एक लहान. आणि मग तिने जी आरोळी ठोकली! भांडाराच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"अगं पोरी, बघ! पुढच्याला लांबचा फेरा. मागच्याला जवळचा. माणसं पावलं कमी-जास्त करतात. चाकं काय करतील?"

"काय करतील?"

"फोर नसेल तर पुढची चाकं मोकळी. हवी तेवढी फिरतील. पण फोर लावला की पुढच्यांना आणि मागच्यांना एकच हुकूम. सारखंच फिरा! आता फेरा सारखा नाही आणि फिरायचं सारखं. मग?"

"मग कोणीतरी घसरायला हवं," मी म्हणाले. कसं सुचलं माहीत नाही.

तिने खरकट्या हाताने माझी पाठ थोपटली. "चिखलात घसरतं! गुपचूप घसरतं आणि भांडण मिटतं. काँक्रीट घसरू देत नाही. मग सगळा पीळ जातो शाफ्टमध्ये. ओली चादर पिळतात ना, तसा. पीळ फार झाला की टायर एकदम सुटतो. ती उडी. आणि टायर नाही सुटला तर..."

"जोड तुटतो."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पाइपवाले अजून पाइप खांद्यावर घेऊन उभे होते. "ताई," पुढचा म्हणाला, "हा खाली ठेवू का, का अजून काही शोध लागायचा आहे?"

एक कोडं मात्र सुटलं नव्हतं. बदली ड्रायव्हरही फोर लावूनच जातो. त्याचा जोड का तुटत नाही?

संध्याकाळी ती मला घरी घेऊन गेली. ती आणि दादा एकाच घरात राहतात. दोन खोल्या. खिडकीत ट्रकचा जुना आरसा टांगलेला. दादा त्यात बघून दाढी करतात. दादा खाटेवर चहा पीत होते. वहिनी भाजी निवडत होत्या.

ताईने सगळं एका दमात सांगितलं. दादा कपात बघत राहिले.

"दादा, एक सांग. सातव्या वळणावर तू गाडी कधी मागे घेतलीस?"

दादांनी मान वर केली. मी त्यांना पहिल्यांदाच असं ताठ बसलेलं पाहिलं. "मी? मागे? बावीस वर्षांत एकदाही नाही. मागे घेतो तो शिकाऊ."

"काँक्रीट झाल्यावर?"

"स्टेअरिंग जड झालं. पण मी काढली एका फटक्यात. दात-ओठ खाऊन काढली."

ताई मटकन खाली बसली. हसत होती की रडत होती, कळेना. फरशीवर मुठी आपटत होती.

"अरे माझ्या राजा! पुढे वळताना जो पीळ बसतो, तो मागे घेतल्यावर सुटतो! उलटा फिरतो ना! तो भित्रा चार वेळा मागे घेतो. त्याला माहीत नसताना तो पीळ सोडतो. आणि तू..."

"म्हणजे," दादा सावकाश म्हणाले, "मी चांगला चालवायचो म्हणून मोडली?"

"हो."

मग दादांनी कप उचलला आणि स्वतःच विसळायला नेला.

"मला बरं वाटावं म्हणून काहीही जोडू नकोस," ते मोरीतून म्हणाले.

"शुक्रवारी ये गाडीत. डोळ्यांनी बघ."

"मी येणार नाही."

"नका येऊ," वहिनी भाजीकडे बघत म्हणाल्या. "महिना राहिलाय. फाटकाकडे तोंड, गाडीकडे पाठ. निवृत्तीच्या दिवशी हार घालणाऱ्याला पाठच दाखवा म्हणजे झालं."

शुक्रवारी सकाळी दहा वाजता आम्ही निघालो. मागे पाइप भरलेले, पाइपांवर मिस्त्री. केबिनमध्ये ताई, मधे मी वही घेऊन, खिडकीशी साहेब. फाटकाशी दादा पाठ करून उभे. ताईने गाडी थांबवली.

"दादा, चढ."

"मी ड्यूटीवर आहे."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "चढा हो. फाटक कुठे पळून जातंय?"

दादा मागे चढले. मिस्त्रीने हात दिला. मला आरशात दिसलं, त्यांनी पाइपांवर बसायच्या आधी पाइपांचा दोर ओढून बघितला. सवय.

पाटीशी ताईने आखूड दांडा पुढे ढकलला. "नियमाप्रमाणे फोर लावला, साहेब. लिही गं." मी लिहिलं.

पहिली सहा वळणं रुंद आहेत. गाडी थोडी कुरकुरली, इतकंच. पुढच्या सरळ तुकड्यात ती कुरकुरही थांबली. मग सातवं आलं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उतार, मधे काटकोनाहून वाईट कोपरा. ताईने स्टेअरिंग पूर्ण फिरवलं. तिच्या दंडाच्या शिरा फुगल्या. इंजिन गुरगुरलं, पण गाडी पुढे जाईना. कोणीतरी ब्रेक दाबून धरल्यासारखी. पुढचा टायर किंचाळला. केबिन थरथरली.

आणि ट्रकने उडी मारली.

खरोखरची उडी. माझा दात जिभेला लागला. साहेबांचा चष्मा मांडीवर पडला. मागून मिस्त्रीने आमच्या सगळ्यांच्या वतीने आईची आठवण काढली.

ताईने तिथेच गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. मिस्त्री खाली उडी मारून चाकांना दगड लावून आला.

"साहेब, तो आखूड दांडा मागे ओढा."

साहेबांनी ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. तोंड लाल झालं. "अडकलाय!"

"अडकला नाही. पीळ धरून बसलाय. हाच पीळ जोड तोडतो." मग तिने दार उघडलं आणि खाली उतरली. "दादा, तू बस इथे."

"अहो," साहेब म्हणाले, "ते चालवण्यास अयोग्य आहेत. फाइलमध्ये आहे."

"फाइल खाली राहिली साहेब. आपण वर आहोत."

साहेबांनी खिडकीतून उताराकडे बघितलं. "मग मी उतरतो."

"तुम्ही बसा. दांड्यावर हात तुमचाच हवा. नाहीतर उद्या म्हणाल, बहीण-भावाने मिळून काढला."

दादा स्टेअरिंगवर बसले. सहा महिन्यांनी. त्यांनी सीट मागे सरकवली, आरसा नीट केला. ताई खाली दाराशी उभी होती.

"रिव्हर्स टाक, दादा. चाकं वळलेलीच राहू दे. थोडीच मागे घे."

दादांनी हात गिअरवर ठेवला आणि थांबले. "मागे?"

"मागे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे आम्ही चौघं आणि भिंतीवरची ती बकरी!"

दादांनी बकरीकडे बघितलं. मिस्त्रीने दगड काढले. दादांनी क्लच सोडला. गाडी मागे सरकली. एक हात, दोन हात. खालून एक सुस्कारा आला. मी शपथेवर सांगते, सुस्काराच होता.

खट्!

दांडा साहेबांच्या हाताबरोबर मागे आला. इतका अचानक, की त्यांचं कोपर माझ्या बरगडीत बसलं आणि माझी वही खाली गेली.

"सुटला!" साहेब ओरडले. कचेरीत कधी न ऐकलेला आवाज. "अहो, सुटला! मी नुसता हात ठेवला होता!"

दादांनी पहिला गिअर टाकला. आता फोर नव्हता. स्टेअरिंग त्यांच्या बोटांतून फिरलं. भिंत बाजूने सरकली, उतार बाजूने सरकला आणि आम्ही वळणापलीकडे होतो. ना किंचाळी, ना उडी.

"पुन्हा," साहेब म्हणाले. "खाली चला. पहिल्यापासून. फोर न लावता. मागे न घेता."

आम्ही खाली आलो, ताई आणि मिस्त्री मागे पाइपांवर. पाटीशी दादांचा हात सवयीने आखूड दांड्याकडे गेला. ताईने मागून पत्र्यावर थाप मारली. हात परत आला. सहा वळणं. मग सातवं. साहेबांनी माझं मनगट धरलं होतं, त्यांना ते माहीत नसावं. दादांनी एका फटक्यात गाडी काढली. दात-ओठ न खाता. शिट्टी वाजवत!

नवव्यापुढे काँक्रीट संपतं. चिखल सुरू होतो. तिथे दादांनी गाडी थांबवली आणि कोणी न सांगता फोर लावला. दहावं वळणही अरुंद आहे. ट्रक कुरकुर न करता वळला.

"इथे कसा वळला?" साहेबांनी विचारलं.

"इथे चाकांना घसरायला जागा आहे साहेब," दादा म्हणाले. "चिखल समजून घेतो."

पाइप वर उतरवून खाली आलो तेव्हा साहेब पाटीसमोर उभे राहिले. कमरेवर हात. "ही पाटी कोणी लावली? माणूस कोण तो?"

मिस्त्री खोकला. ताईने खाली बघितलं.

"मी," दादा म्हणाले. "पहिल्याच वर्षी. माणसं चिखलात अडकायची. कोणी ऐकेना, म्हणून मी रंग आणला आणि लिहिली."

मी पाटीकडे बघितलं. बावीस वर्षांत रंग उडाला होता. आणि तो दोनदा पुन्हा भरलेला दिसत होता. तोही त्यांनीच भरला असणार. स्वतःच्याच अक्षरांनी त्यांना फाटकावर बसवलं होतं.

साहेबांनी तिथेच, ट्रकच्या बॉनेटवर, माझ्याकडून लिहून घेतलं. मी उत्साहात लिहिलं, 'रस्ता बदलला, पण नियम जुन्याच चिखलात रुतून राहिला.'

"साहित्य नको," साहेब म्हणाले. "सरळ लिहा."

मी सरळ लिहिलं. 'शाफ्ट तुटण्यास चालक जबाबदार नाहीत. आधीचा शेरा रद्द.' साहेबांनी सही केली. सहीखाली तारीख घातली. मग थोडं थांबून स्वतःच्या हाताने एक शब्द वाढवला. 'कुशल.' 'चालक' या शब्दाच्या आधी. बाण काढून.

दादांनी तो कागद दोनदा वाचला. घडी घातली, उलगडली, तिसऱ्यांदा वाचला. मग भांडारातून पहार मागवली आणि पाटी उपटायला लागले. मिस्त्री मदतीला धावला. "राहू दे," दादा म्हणाले, "मी रोवली, मीच काढतो."

पाटी ट्रकमध्ये चढली. ती नवव्या वळणापुढे लावायची होती, जिथे चिखल सुरू होतो. दादा स्टेअरिंगवर, ताई शेजारी, मी मधे. फोर न लावता गाडी सातव्या वळणावर आली. पुढे जायला रस्ता मोकळा होता. स्टेअरिंग हलकं होतं. तरी दादांनी गाडी थांबवली आणि रिव्हर्स टाकला.

"अरे, आता कशाला?" ताई ओरडली. "आता पीळ नाहीये! एका फटक्यात जाईल!"

"माहीत आहे," दादा म्हणाले. आरशात बघून त्यांनी गाडी मुद्दाम, अगदी सावकाश मागे घेतली. भिंतीवर बकरी होतीच. "पण बावीस वर्षांत मागे घ्यायची राहून गेली होती."